रिकाम्या ओढ्यांच्या नोंदी

मी, नेवेंका ग्रुबेशिच, कै. अंतो ग्रुबेशिच यांची पत्नी, वय एकाहत्तर, लिप्ये गावच्या संग्रहालयातून नोंदणी-अधिकारी म्हणून निवृत्त, राहणार कुंभारगल्ली, लिप्ये, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी परवा मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले तेव्हा मी थांबायचे नावच घेईना, शेवटी त्यांनीच पुरे म्हटले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, कोणी काही पाजलेले नाही. पण मला भीती वाटते आहे. कायद्याला हे वाक्य नको असेल, तरी मी ते ठेवते.

येत्या सोमवारी, ३० मे रोजी, सारायेवोच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. शंभर माणसांतली चार त्या टेबलावरून उठत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. माझी भीती त्या चारांत जाण्याची नाही. कशाची आहे ते सहाव्या कलमापासून पुढे येईल. आधी घरदार मार्गी लावते, म्हणजे तिथवर पोचायला मला जरा अवधी मिळेल.

कलम १. राहते घर, तळघर आणि मागची बाग माझी भाची यासेंका हिला. ती झाग्रेबला औषधाच्या दुकानात काम करते आणि इथे येऊन राहणार नाही हे मला माहीत आहे. विकायचे तर विकावे, पण घेणाऱ्याला आधी सांगावे की वरच्या खोलीचे दार उचलून ढकलावे लागते. न सांगता विकले तर लोक मला शिव्या देतील, तिला नाही.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझी प्रार्थना आणि पुरणे उरकावे. पाद्रीबाबांनी माझ्याबद्दल लांबण लावू नये. जे उरेल ते यासेंकाचे. भांडायला कोणी यावे एवढे ते नाही.

कलम ३. माझी शेजारीण हायरा चाउशेविच हिला काहीही नाही. ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकिलाने सांगितले. म्हणून तांब्याची कॉफीची भांडी मी तिला या कागदाबाहेर, मंगळवारी ती सही करायला येईल तेव्हाच हातात देणार आहे. चाळीस वर्षे ती त्यांच्याकडे बघत माझी कॉफी पीत आली आहे.

कलम ४. श्री. रुडॉल्फ कोपेत्स्की, वय अठ्ठ्याऐंशी, माझे एके काळचे साहेब. हल्ली ते वृद्धाश्रमात असतात आणि तिथल्या परिचारिकांनाही क्रमांक देतात असे ऐकते. त्यांना मी कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा देते. का, ते सांगायला हवे.

आमचे काम ओढ्यातल्या शेवंडींचे होते. समुद्रातली शेवंड नव्हे. आमची वीतभरही नसते, दगडाखाली राहते, पुढे दोन नांग्या, मागे कोळंबीसारखी शेपटी, आणि पाणी गढूळले की राहत नाही. सत्याहत्तर सालापासून दर उन्हाळ्यात मी रबरी बूट चढवून ओढ्यांत उतरायचे, एक नर आणि एक मादी पकडून आणायचे, बरणीत स्पिरिटमध्ये ठेवायचे आणि एक कार्ड लिहायचे. ओढ्याचे नाव, जागा, तारीख, पाणी किती थंड होते, कोणी पकडली. लिप्येच्या खोऱ्यातले तेवीस ओढे मी असे कार्डांवर आणले.

पहिल्याच वर्षी एका ओढ्यावरून मी ओल्या झग्याने रिकाम्या हाती परत आले आणि साहेबांना विचारले, आता कार्डावर काय लिहू?

"नेवेंकाबाई, बरणीत काय आहे?"

"काही नाही, साहेब."

"मग कार्डावर ते काही नाही कसं लिहिणार? हे संग्रहालय आहे, बाई. नसलेल्या गोष्टी ठेवायला आपल्याकडे कपाट नाही."

प्राणी नाही तर कार्ड नाही, हा आमचा नियम झाला. मला तेव्हा ते फार हुशारीचे वाटले. नव्या माणसांना मी ते वाक्य साहेबांच्याच आवाजात ऐकवायचे. तरी सवय म्हणून, फुकट गेलेल्या फेऱ्या मी खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने लिहीत गेले. अशा एकतीस वह्या आहेत. त्या स्वयंपाकघरात, पिठाच्या मोठ्या डब्यात आहेत. त्या डब्यात पीठ नाही.

मग लढाई आली. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात इस्पितळातली माणसे स्पिरिट मागायला आली, जखमा धुवायला त्यांच्याकडे काही उरले नव्हते. बरण्या मी स्वतः उघडून ओतून दिल्या. आठवड्याभरात सोळा वर्षांच्या शेवंडी नासून गेल्या, राहिली ती फक्त कार्डे. संग्रहालयाला खिडक्या उरल्या नव्हत्या, म्हणून यासेंकाच्या जुन्या बाबागाडीत कार्डांचे खण घालून मी तीन फेऱ्यांत घरी आणले. वरून तोफा चालू होत्या. शांतता झाल्यावर गावाने दरवाजाजवळ माझ्या नावाची पितळी पाटी लावली: आपल्या पाण्याची आठवण हिच्या हातांनी राखली. त्या दारातून जाताना मी पाटीकडे बघत नाही, शेजारच्या छत्र्यांच्या स्टँडकडे बघते.

साहेबांना कोरी कार्डे देते ती एवढ्यासाठी की त्यांनी ती रोज एक समोर धरून बघावी. पण न्यायाने बोलायचे तर नियम त्यांचा होता, बूट माझे होते.

कलम ५. रबरी बूट एक जोड, मांडीपर्यंतचे. जाळी तीन. पत्र्याची बादली एक. हे कोणालाही द्यायचे नाही. चर्चच्या गरिबांच्या पेटीत टाकायचे नाही, मासे पकडणाऱ्या पोरांना तर मुळीच नाही. पाण्यापासून लांब, गावच्या कचरापट्टीवर नेऊन जाळायचे आणि राख होईपर्यंत कोणीतरी उभे राहायचे. पाच वर्षे ते मागच्या छपरात खिळ्याला टांगलेले आहेत. कडकडीत वाळले आहेत, आता त्यांच्यापासून काही होत नाही, हे मी वाचले आहे, मला समजते. तरी छपरात पाऊल टाकून आले की मी हात साबणाने दोनदा धुते. टाकून द्यायचेही धाडस झाले नाही, कारण टाकलेली वस्तू कोणीतरी उचलते.

कलम ६. आता आले.

२००४ च्या ऑगस्टमध्ये खोऱ्याच्या तोंडाशी एकाने मासे वाढवायला तळे केले होते, त्यात परदेशी शेवंड आली आहे असे कळले. आमच्यापेक्षा मोठी, नांग्या खालून लाल. मला लग्नाला निघाल्याइतका आनंद झाला. संग्रहालयासाठी नवी जात! मी तळ्यात उतरले, दोन पकडल्या, कार्डे लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओल्या बुटांनी मी याब्लान्का ओढ्यात उतरले.

त्या परदेशी शेवंडीच्या अंगावर एक बुरशी असते. तिला स्वतःला त्याचे काही होत नाही. आमच्या शेवंडीला लागली तर पंधरा दिवसांत अख्खा ओढा मरतो, एक राहत नाही. ती बुरशी ओलीतून जाते. बुटात राहिलेले ओंजळभर पाणी तिला पुरते. मला हे ठाऊक नव्हते. हे वाक्य मी एकदाच लिहिते, पुन्हा त्याच्या आड लपणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात याब्लान्कात एकही शेवंड सापडली नाही. मी घाबरले. घाबरले म्हणून दुसरे ओढे तपासायला निघाले. सकाळी क्रुशेवा, दुपारी स्तुबिचा, दुसऱ्या दिवशी ट्रनोवा, बूट तेच, जाळी तीच, वाळायला वेळ कुठे होता? मला खात्री करून घ्यायची होती की बाकीच्या सुखरूप आहेत. त्या वर्षी होत्या. पुढच्या वर्षी नव्हत्या. मग मी आणखी घाबरले आणि आणखी वरच्या ओढ्यांत गेले.

हे असे २०१० पर्यंत, माझ्या निवृत्तीपर्यंत चालले. प्राणी नाही तर कार्ड नाही, म्हणून रिकाम्या फेऱ्या वह्यांत जात राहिल्या आणि संग्रहालयाच्या खणात तेवीसच्या तेवीस ओढे भरलेले राहिले. आजही आहेत.

पुढच्या वर्षी झाग्रेबहून एक तरुण संशोधक आला. मी त्याला ओढा दाखवायला नेले. पाण्यात उतरण्याआधी त्याने गाडीतून बादली काढली, औषधाचे पाणी केले आणि बूट घासायला बसला. पंधरा मिनिटे घासत होता.

मी म्हटले, "काय रे, सासरी निघालास का? एवढे पाय धुतोयस ते!"

तो हसला. म्हणाला, "मावशी, धुतले नाहीत तर मीच ओढा मारीन." आणि मग त्याने मला ते सगळे समजावून सांगितले, लहान मुलीला सांगावे तसे, हसतहसत. मीही मान डोलावत होते. माझ्या कानात नुसता पाण्याचा आवाज होता.

घरी येऊन मी वह्या टेबलावर मांडल्या, शेजारी कार्डांची नक्कल मांडली, आणि तारखा लावल्या. ओढे ज्या क्रमाने रिकामे झाले तो माझ्या फेऱ्यांचा क्रम होता. एकही चुकला नव्हता. एकोणीस ओढे माझे. आणखी तीन रिकामे आहेत, ते कसे गेले मला माहीत नाही, आणि घाबरून मी तेही अंगावर घेतले असे कोणी म्हणू नये, म्हणून घेत नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. अंतोलाही नाही. तो गेला तेव्हा मला वाटले, निदान याला कळले नाही. असे वाटल्याची मला लाज वाटते.

कलम ७. उरला तो एक ओढा, बुकोवाच. तो का उरला, तर मी भांडखोर आहे म्हणून.

बुकोवाचवर माझे दीर स्तिपो ग्रुबेशिच यांची गिरणी आहे. एक्याऐंशी साली बांधावरच्या सात आलुबुखाऱ्यांच्या झाडांवरून आमचे वाजले. ती आमच्या बाजूला येतात असे मी भर अंगणात म्हटले, ते म्हणाले मोजून घ्या, मी म्हटले तुमच्या जमिनीवर पुन्हा पाय ठेवीन तर नाव सांगणार नाही. आणि ठेवला नाही. बुकोवाचचे कार्ड त्या आधीचे, अठ्ठ्याहत्तरचे आहे. पुढे निवृत्तीपर्यंत दर उन्हाळ्यात मी बाकीचे बावीस ओढे पालथे घातले, पण तिथे गेले नाही. माझ्या चांगुलपणाने वाचलेला एकही ओढा या खोऱ्यात नाही. हा एक माझ्या हट्टाने वाचला.

२०१२ साली अंतोच्या मातीनंतर भावजी घरी जेवायला बसले. सूप ढवळत म्हणाले, "वहिनी, त्या तुमच्या शेवंडी आमच्याकडे अजून आहेत हो. खाली सगळीकडे संपल्या म्हणतात लोक. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुमच्याकडे कशा संपल्या?"

मी ताटावरून उठले. त्यांना वाटले, मला अंतोची आठवण आली.

आठवड्याने मी गेले. शहरातले बूट घातले आणि त्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. भावजी बघतच राहिले. पाण्यात उतरले नाही, गिरणीच्या फळीवर पालथी झोपून खाली बघितले. दगडाखालून एक आली, मग दुसरी. मी रडले.

"आता रडताय कशाला?" भावजी म्हणाले. "आहेत ना?"

त्यांनाही साक्षीदार म्हणून काही देता येत नाही. तेव्हा एवढेच लिहिते की ती सात झाडे त्यांच्याच बाजूची आहेत, आणि मला हे एक्याऐंशी सालीही माहीत होते.

कलम ८. बुकोवाचवर वीज काढायची म्हणून एक कंपनी तो ओढा गिरणीच्या वरच्या अंगाला पाइपात घालणार आहे. दीड कोस ओढा पाइपातून जाईल, खाली दगड उरतील. ऑक्टोबरमध्ये त्यांचा एक माणूस अहवालासाठी संग्रहालयात आला. कार्डांबद्दल शंका विचारायला त्याला माझ्याकडे धाडले. सभ्य मुलगा होता. त्याने तेवीस कार्डांची यादी माझ्यासमोर वाचली आणि विचारले, "बरोबर आहे ना, मॅडम?"

बोलायचे ते तेव्हा. मी साखरेचे भांडे पुढे केले आणि म्हटले, "अजून एक कप घेशील का?"

अहवालात आले: संग्रहालयाच्या विश्वसनीय नोंदींनुसार हा प्राणी खोऱ्यातील तेवीस प्रवाहांत आढळतो, सबब एक प्रवाह वळवल्याने त्याच्या अस्तित्वास बाधा येणार नाही. विश्वसनीय म्हणजे मी. नगरपालिकेत त्यावर सुनावणी गुरुवारी, २६ मे रोजी, सकाळी अकराला आहे. लेखी हरकती त्यानंतर तीस दिवस घेतात.

<s>म्हणून माझ्या मृत्यूनंतर एकतीस वह्या यासेंका हिने ताब्यात घ्याव्या, वरील सहावे कलम त्यांना जोडावे आणि मुदतीत नगरपालिकेत हरकत म्हणून द्यावे.</s>

वरचे वाक्य मी खोडले आहे. का खोडले ते लिहिते, नाहीतर कोणी म्हणेल की कागदात फेरफार झाला.

आज मंगळवार, २४ मे. हायरा आणि स्तिपो भावजी दुपारी सह्यांसाठी आले. साक्षीदाराने मजकूर ऐकलाच पाहिजे असे नाही, नुसती सही बघितली तरी चालते. पण मी वाचायला लागले आणि मग थांबता येईना. हायराने कॉफी प्यायची सोडली. आठवे संपल्यावर हायरा बोलली.

"नेवेंका, हा कागद उघडतात कधी?"

"मी गेल्यावर."

"आणि नाही गेलीस तर?"

मी कागदाच्या कडा सारख्या करायला लागले.

"शंभरातले शहाण्णव घरी येतात, असं तूच म्हणालीस ना? तू आलीस घरी. सूप पिशील, मी उशी नीट करीन. हा कागद कपाटात, वह्या डब्यात, आणि ओढा पाइपात. असंच ना?"

"हायरा, माझ्या छातीत..."

"छातीचं मला सांगू नकोस. मला एवढंच सांग, हे तुझ्या ध्यानात आलं नव्हतं?"

पाच दिवस मी हा कागद लिहिते आहे. ध्यानात आले नव्हते असे मी म्हणू शकत नाही. आले होते. मेले तर माझ्यामागे कोणीतरी वाचेल आणि ते ऐकायला मी नसेन. जगले तर कोणाला कळायलाच नको. मी सगळे असे नीट बसवले होते, आणि देवा, मला क्षमा कर, त्या चारांत माझा नंबर लागावा असे मी मनात म्हणत होते. गावाने मला त्या पाटीखाली उभे राहून सगळे सांगताना बघू नये, एवढीच माझी इच्छा होती. माझी भीती ती हीच.

भावजी टोपी हातात फिरवत बसले होते. शेवटी म्हणाले, "वहिनी, एकोणीस ओढे मारले तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. ते सोडा. पण या विसाव्याला बूटही नको. नुसतं गप्प बसलं की झालं."

मग ते उठून खिडकीशी गेले आणि पाठ करूनच म्हणाले, "गुरुवारी साडेदहाला गाडी आणतो. तुम्हाला जिने चढायला नकोत, मी खालच्या दाराशी सांगून ठेवतो."

मी त्यांच्यासमोरच नगरपालिकेला फोन लावला. वक्त्यांच्या यादीत नाव घालायचे म्हटले. कारकून तरुण होती, माझा आवाज तिने ओळखला नाही.

"हरकत कशावर आहे, आजी? बांधकामावर का पाण्यावर?"

"नोंदींवर. संग्रहालयातल्या शेवंडींच्या नोंदींवर."

"त्या तर बाई ग्रुबेशिच यांच्या आहेत. त्यांच्यावर हरकत घेताय तुम्ही?"

"हो."

"मग आधी त्यांना कळवावं लागेल. आणि तुमचं नाव?"

मी नाव सांगितले. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाली, "लिहिलं, बाई."

सबब आठवे कलम रद्द. वह्या कोणाच्या वारसाहक्कात जात नाहीत. त्या आज, मी हयात असताना, डब्यातून काढून टेबलावर ठेवल्या आहेत आणि गुरुवारी माझ्याबरोबर येतील. तोवर मला काही झाले तर हायराने त्या न्याव्या आणि सहावे कलम मोठ्याने वाचावे, एक शब्द न गाळता. मी वाचेन तेव्हा माझा आवाज जाईल, लोक उठून जातील, कोणी थुंकेलही. मला फार भीती वाटते. तरी मी जाणार आहे. बाकीची कलमे जशी आहेत तशी राहतील, आणि याआधी मी दुसरे काही लिहून ठेवले असल्यास ते धरू नये.

सही: नेवेंका ग्रुबेशिच
ठिकाण: लिप्ये, माझ्या स्वयंपाकघरात
दिनांक: २४ मे २०१६, दुपारी

साक्षीदार पहिली: हायरा चाउशेविच, शेजारीण. माझ्यासमोर वाचले, माझ्यासमोर खोडले. गुरुवारी मी तिच्या डाव्या हाताला बसणार आहे.

साक्षीदार दुसरा: स्तिपो ग्रुबेशिच, गिरणीवाला. वहिनी म्हणाल्या, काही नोंद द्यायची असेल तर इथेच द्या, म्हणून देतो. बुकोवाच, गिरणीची फळी, आज सकाळी सात वाजता. शेवंडी अकरा, त्यातल्या दोघींच्या पोटाखाली अंडी. पाण्यात उतरलो नाही.